आईला घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्यानं बोटीचा प्रवास: उत्तरेकडे जाताना की येताना?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. आईला घेऊन नॉर्वेची ती किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी बोट करायचं ठरवायलोय, बर्गन ते किर्केनेस. आईचं वय ७१. आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळं ध्रुववृत्त ओलांडायचंच असं तिनं धरून ठेवलंय. गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालते, जिना नको म्हणते. साखर आहे, पण गोळ्यांवर भागतं. खाणं शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. कायम साडी.

मृगाची पेरणी-कोळपणी उरकल्यावर निघायचं आणि सोयाबीन काढणीला यायच्या आत परत यायचं, म्हणजे जुलैअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. नाहीतर मग हरभरा घरात आल्यावर मार्च. पूर्ण फेरी झेपंल का अर्धीच करावी? अर्धी केली तर कोणती? बोट किती हलते, केबिन कुठली घ्यावी, जेवणाचं काय, व्हिसाला शेतीचं उत्पन्न चालतं का? घाई नाही, जेवढं माहीत असंल तेवढं सविस्तर सांगा.

पाटबंधारे

भाऊ, आधी ही बोट काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. ही समुद्रातली एस.टी. आहे. करमणुकीची क्रूझ समजून तिकीट काढलं तर पस्तावाल. १८९३ साली रिचर्ड विथ या कप्तानानं ट्रॉन्डहाइम ते हामरफेस्ट अशी टपाल-मालाची सेवा सुरू केली, तिचंच हे आजचं रूप. जाताना-येताना मिळून बारा दिवस आणि एका दिशेला ३४ बंदरं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे स्थानिक लोक, पेट्या, मोटारी, सगळं याच बोटीत असतं. पोहण्याचा मोठा तलाव, नाचगाणी, जुगाराचे अड्डे यातलं काही नाही. खिडकीशी बसून किनारा बघायचा, हाच कार्यक्रम. काकूंना हे रुचेल असं वाटतं.

२०२१ पासून हा मार्ग दोन कंपन्यांत वाटलेला आहे. हुर्टिग्रुटनच्या सात बोटी आणि हाविलाच्या चार. वेळापत्रक एकच, रोज एक बोट सुटते. हाविलाच्या बोटी नव्या आहेत, नैसर्गिक वायू आणि बॅटरीवर चालतात. हुर्टिग्रुटनच्या बहुतेक बोटी १९९०च्या दशकातल्या, नंतर डागडुजी केलेल्या. गुडघेदुखीवाल्या माणसासाठी एक फरक मोठा आहे: हाविलात बुफे नाही, ताटल्या टेबलावर येतात. हुर्टिग्रुटनवर सकाळ-दुपार साधारण बुफे असतो, म्हणजे हलत्या बोटीत हातात ताट धरून चालायचं. काकूंना बसवून त्यांचं ताट तुम्हीच आणायचं, एवढाच उपाय.

बंदरांचा हिशेब असा. बहुतेक ठिकाणी बोट पंधरा ते तीस मिनिटं थांबते, त्यातली निम्मी मध्यरात्री. तिथं उतरायच्या फंदात पडू नका. उत्तरेकडे जाताना जिथं खरोखर पाय मोकळे करता येतात अशी ठिकाणं मोजकीच: ओलेसुंड, ट्रॉन्डहाइम, बोडो, ट्रॉम्सो आणि होनिंग्सवोग. प्रत्येक ठिकाणी साधारण दोन ते चार तास. ओलेसुंडचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, तेवढं बघून घ्या.

माझं मत: ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा, बर्गनहून किर्केनेस, सात दिवस. बाराही दिवस एकाच बोटीत काढणं ७१ व्या वर्षी अवघड नाही, पण आठव्या-नवव्या दिवसापासून जेवण आणि बैठक दोन्हींचा कंटाळा येतो. उत्तरेकडे जातानाच गेइरांगेर फियोर्ड मिळतो, तोही फक्त जून ते ऑगस्ट. सप्टेंबरपासून त्याऐवजी ह्योरुंडफियोर्ड असतो. तो काही कमी सुंदर नाही, पण भूगोलाच्या शिक्षिकेला गेइरांगेर दाखवायला हवा. हिमनदीनं कोरलेली दरी आणि तिच्यात आत शिरलेला समुद्र अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखा दिसतो. २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फक्त लक्षात ठेवा, बोट तिथं धक्क्याला लागत नाही. सहलीचं तिकीट घेतलेल्यांना लहान होडीत उतरवतात. काकूंनी बोटीवरूनच बघावं, तिथून दिसतंही जास्त.

मार्च वाईट नाही. बर्फ, उत्तरप्रकाश आणि बऱ्यापैकी मोठा दिवस, तिन्ही एकदम मिळतात. पण धक्क्यावर आणि गावातल्या चढावर गुळगुळीत बर्फ असतो. बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, तरी दुखऱ्या गुडघ्यांना ते नको.

खडकाळ_माळ

पाटबंधारे यांचं बाकी सगळं मान्य, पण दिशेबद्दल माझं उलट मत आहे. किर्केनेस ते बर्गन घ्या, सहा दिवस. सहसा भाडंही थोडं कमी पडतं.

कारण वेळापत्रकात आहे. जाताना बोट बोडोहून दुपारी निघते, लोफोटेन बेटांवरच्या स्टामसुंड-स्वोल्व्हेरला संध्याकाळी आणि रात्री पोचते, आणि व्हेस्टरोलेनची बेटं मध्यरात्री झोपेत निघून जातात. येताना नेमकं हेच सगळं दिवसाउजेडी. सकाळी हार्स्टाड, मग रिसोयरेन्ना. हा उथळ समुद्रतळ उकरून काढलेला कालवा आहे, १९२२ मध्ये खुला झाला. बोट खांब आणि बोयांच्या रांगेतून जपून जाते. दुपारी स्टोकमार्कनेस, तिथं याच मार्गावरची एक जुनी बोट काचेच्या इमारतीत ठेवलेली आहे, संग्रहालय धक्क्याला लागूनच. पुढं राफ्टसुंडची अरुंद सामुद्रधुनी. हवामान असलं तर ट्रोलफियोर्डच्या तोंडाशी. दुसऱ्या दिवशी ध्रुववृत्त, मग सेव्हन सिस्टर्सची शिखरं आणि आरपार भोक असलेला टोर्गहाटेन डोंगर. हे सगळं खुर्चीत बसून. गुडघ्यांना काही काम नाही.

ध्रुववृत्त दोन्ही दिशांना ओलांडतात. ६६ अंश ३३ मिनिटांवर व्हिकिंगेन नावाच्या लहानशा बेटावर पृथ्वीगोलाची खूण आहे, बोट भोंगा वाजवते. जाताना मानेवरून बर्फाचं पाणी आत सोडतात, येताना चमचाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजतात. दोन्ही ऐच्छिक. काकू शाकाहारी आहेत म्हणून तेलाचं आधीच सांगून ठेवा, नाहीतर सरबत समजून घेतील.

पाटबंधारे

व्हेस्टरोलेनचा मुद्दा बिनतोड. पण येताना नॉर्थ केपचं, म्हणजे उत्तरेकडच्या त्या प्रसिद्ध कड्याचं काय? होनिंग्सवोगला येताना बोट भल्या पहाटे लागते आणि थोडाच वेळ थांबते. जाताना साडेतीन तास असतात, बस सुमारे ३५ किमी जाऊन ३०७ मीटर उंच कड्यावरच्या इमारतीच्या दाराशी सोडते. चालणं जवळजवळ नाही, वारा मात्र माणूस ढकलणारा. ७१ अंश उत्तर अक्षांश हे त्यांच्यासाठी मोठं आकर्षण असणार.

दुसरं, विमानं. मुंबईहून आखातात किंवा युरोपात एक बदल, मग ऑस्लो, मग किर्केनेस. तीन विमानांत सामान मागं राहायची शक्यता वाढते आणि किर्केनेससारख्या लहान गावात ऐनवेळी आईसाठी गरम कपडे, औषध मिळवणं जड जातं. बर्गन मोठं शहर आहे. विमानतळावरून बीबानेन ही ट्राम थेट गावात येते, दुकानं आहेत, आणि एखादा दिवस अडकलात तर फ्लोयबानेन या दोरखंडाच्या रेल्वेनं चढ न चढता ३२० मीटरवर जाता येतं. बोट सुटायच्या किमान दोन रात्री आधी पोचा. ती कुणासाठी थांबत नाही.

खडकाळ_माळ

सामानाचा मुद्दा घेतो. मग पैसे आणि सुट्टी असेल तर पूर्ण फेरी घ्या आणि मधले दोन दिवस काहीही न करता काढा. नसेल तर निवड सोपी: नॉर्थ केप आणि गेइरांगेर हवा असेल तर जाताना, बेटं आणि शिखरं हवी असतील तर येताना. नकाशा काकूंसमोर ठेवा. आणि आणखी एक गोष्ट त्यांना नकाशावर दाखवा, किर्केनेस इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे.

शिडाविना

बोट हलण्याबद्दल. सत्तर-ऐंशी टक्के वाट बेटांच्या आडोशानं जाते, तिथं कप हलत नाही. मोकळा समुद्र लागतो तो ठरावीक ठिकाणी. बर्गनहून निघाल्यावर पहिल्याच पहाटे मोलोय आणि टोर्विकच्या मधे स्टाड. मोल्डे आणि क्रिस्तियानसुंडच्या मधे हुस्टाडविका, जाताना रात्री. ट्रॉन्डहाइमनंतर फोल्डा. बोडोहून स्टामसुंडला जाताना व्हेस्टफियोर्ड, सुमारे चार तास. आणि होनिंग्सवोगच्या पुढं बॅरंट्स समुद्राची बाजू, क्योलेफियोर्ड-मेहाम्न-बेर्लेवोग, सगळ्यात उघडी. ऑगस्टमध्ये साधारण ठीक असतं, ऑक्टोबर ते फेब्रुवारी खवळतं. वारा फार असला तर मेहाम्न-बेर्लेवोगसारखी बंदरं वगळून बोट पुढं जाते. त्याबद्दल भांडून उपयोग नाही.

ओकारीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात राहत नाही, म्हणून मोकळा समुद्र लागायच्या तासभर आधी घ्यायची. पण या गोळ्यांनी (प्रोमेथाझिन, मेक्लिझिन वगैरे) वयस्कर माणसाला गुंगी येते, तोल जातो, आणि काचबिंदू असेल तर काही चालतच नाहीत. लातुरातच डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी एकदा घरी घेऊन बघा. आलेपाक सोबत असूच द्या, साखर सांभाळून. रिकाम्या पोटी राहू देऊ नका. पुस्तक, मोबाईल बाजूला ठेवून क्षितिजाकडं बघत बसायचं.

केबिन बोटीच्या मध्यावर आणि जमेल तेवढी खालच्या मजल्यावर घ्या. पुढच्या टोकाला झोके जास्त, शिवाय रात्री प्रत्येक बंदराला लागताना नाकाडातला आडवा पंखा सुरू होतो आणि खालच्या केबिनीत तो घरघरतो. मागच्या टोकाला इंजिन. गाड्या चढतात त्या दाराच्या जवळची केबिन टाळा, रात्री दोनला लोखंडी फळ्या आपटतात. 'मर्यादित दृश्य' लिहिलं असेल तर खिडकीसमोर जीवरक्षक होडी लटकते. काकूंना खिडकीतून बघत पडायला आवडणार असेल तर चार पैसे जास्त देऊन मोकळी खिडकी घ्या. तुम्ही दिवसभर वरच्या काचेच्या बैठकीत बसणार असाल तर आतली बिनखिडकीची केबिनही पुरते. मात्र उत्तरेत उन्हाळ्यात तिचा वेगळा फायदा आहे: ट्रॉम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही आणि त्यानंतरही काही आठवडे रात्र काळी होत नाही. खिडकीवाली केबिन घेतलीत तर डोळ्यांवरची पट्टी न्या.

बुकिंग करताना शब्द नेमका वापरा: दोन्ही पलंग खालचे. जुन्या बोटींत काही केबिनींत वरखाली पलंग असतात, काहींत एक पलंग आणि एक दिवसा सोफा होणारा. अपंगांसाठीच्या रुंद दाराच्या केबिनी प्रत्येक बोटीत मोजक्याच असतात, त्या लवकर जातात. न्हाणीघराला उंबरा असतो, जागा पाटाएवढी, शॉवर पडद्याचा. फरशी ओली राहते, रबरी तळाची चप्पल हवीच. बादली नाही, पाण्याची नळी नाही, म्हणून एक प्लास्टिकचा तांब्या न्या. शौचकूप हवेच्या ओढीनं चालतं, झाकण लावून मग बटण दाबायचं. जाड कागद टाकला तर तुंबतं.

येसर

जेवण. पूर्ण प्रवासाच्या तिकिटात तिन्ही वेळचं जेवण साधारण धरलेलं असतं, तरी तुमच्या दराच्या प्रकारात काय आहे ते वाचा. शाकाहारी मिळतं, पण बुकिंगमध्येच लिहून द्या आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला परत सांगा. फक्त 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. मासे, अंडी, मांसाचा रस्सा, जिलेटिन यातलं काहीच नको, दूध-लोणी चालतं, असं पूर्ण वाक्य छापून न्या. बऱ्याच चीजमध्ये जनावराच्या पोटातलं रेनेट (दूध विरजणारा पदार्थ) असतं, ते आईंना चालतं का विचारा. नाश्ता सगळ्यात भरवशाचा: पाव, ओटचं खीरवजा, फळं, काकडी-टोमॅटो, दही आणि गोडसर तपकिरी चीज, ज्याला ब्रुनोस्ट म्हणतात. रात्रीच्या जेवणात भाज्या बटाटा-गाजर-बीट-कोबी-मशरूम याच वर्तुळात फिरतात. तिखट औषधालाही नाही.

घरून नेताना नियम पक्का लक्षात ठेवा: युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची पोळी, दह्यात मळलेले धपाटे नाहीत. शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची, मेतकूट, ज्वारीच्या कडक भाकरी, तेलातली दशमी (दूध न घालता), हे कोरडं आणि बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून. कडक भाकरी डब्यात चुरतात म्हणून स्टीलच्या सपाट डब्यात कागद घालून रचा. चटणीवर गरम पाणी ओतून कालवण होतं, येसराची आमटी मात्र नाही, तिला उकळी हवी. केबिनीत किटली, कॉइल, शेगडी काहीही लावायला मनाई असते, आगीमुळं. गरम पाणी उपाहारगृहात मागायचं, थर्मास न्यायचा. नळाचं पाणी पिण्याचंच असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

ऑगस्टमध्ये श्रावण लागतो. काकूंचे उपवास असतील तर खजूर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू (गुळाचे, तूप न लावलेले) आणि बोटीवरची फळं. साबुदाणा नेऊन काही उपयोग नाही. आणि निरांजन-उदबत्ती केबिनीत अजिबात नाही, धुराचा भोंगा सगळ्या मजल्यावर वाजतो.

साखरेच्या गोळ्यांसाठी: उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं. जेवणाच्या वेळा बोट ठरवते, त्यामुळं जेवणाआधीची गोळी ताट समोर आल्यावरच. सहलीच्या दिवशी खिशात काहीतरी खायला हवं.

सातबारा

शेतीचं उत्पन्न चालतं, पण कागद बोलके हवेत. आयकर विवरण नसेल तर सातबारा, आठ-अ आणि आडतीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडा, आणि त्या पट्ट्यांची रक्कम बँकेच्या खात्यात दिसली पाहिजे. अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम मोठी रक्कम भरलेली दिसली तर शंका येते. आईंचं निवृत्तिवेतन हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे, त्याचं वेगळं पत्र घ्या. परत येण्याचं कारण म्हणून तो सातबाऱ्याएवढाच उपयोगी.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, तेव्हा शेंगेन व्हिसाच लागतो. जास्त दिवस नॉर्वेत म्हणून अर्ज नॉर्वेकडेच. आधी यूडीआय या नॉर्वेच्या परदेशी नागरिक खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म भरून तिथंच शुल्क भरायचं, मग व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, केंद्राचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत नाही. उन्हाळ्यात ठशांच्या वेळा भरलेल्या असतात, ऑगस्टसाठी एप्रिलअखेर कामाला लागा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी. आईंच्या पासपोर्टवर, आधारवर आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. नांदेड-लातूरकडं शाळेच्या नोंदीत माहेरचं आणि बँकेत सासरचं, असं सर्रास असतं. दुरुस्तीला वेळ लागतो.

विमा किमान ३०,००० युरोचा, पूर्ण शेंगेनमध्ये चालणारा. तेवढ्यावर व्हिसा मिळतो, पण आईंसाठी जास्त रकमेचा घ्या आणि 'आधीपासूनचे आजार' हा परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचा. साखर न सांगता घेतलेला विमा दाव्याच्या वेळी कागद उरतो. या बोटींवर डॉक्टर नसतो. कुणाला बरं नसेल तर पुढच्या बंदरातल्या दवाखान्यात उतरवतात, म्हणून प्रवास मधेच तुटल्याचा खर्चही विम्यात हवा. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव असावं.

मांजराकाठ

भरभरून दिलंत सगळ्यांनी. आईला नकाशा दाखवला, तिनं नॉर्थ केपवर बोट ठेवलं, म्हणजे जायचीच दिशा. दोनच राहिलं: साडीचं काय करावं, आणि विमानतळावर व्हीलचेअर कशी सांगायची?

शिडाविना

साडी नेसू द्या, पण आत लोकरीचा घट्ट पायजमा आणि पूर्ण बाह्यांचं बनियन, वर स्वेटर, आणि सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं गुडघ्यापर्यंतचं जाकीट. ऑगस्टमध्ये उत्तरेला पारा दहा-पंधराच्या आसपास असतो, पण वारा तो खाली ओढतो. बर्गनमध्ये वर्षाला २,००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो, छत्री तिथं उलटी होते, टोपीचं जाकीटच हवं. पदर जाकिटाच्या आत खोचायचा आणि निऱ्या घोट्याच्या वर. बोटीची शिडी भरती-ओहोटीप्रमाणं कधी सपाट तर कधी चांगली उभी होते, आडव्या पट्ट्यांत काठ अडकतो. उतरण्या-चढण्याच्या दिवशी सलवार घातली तर उत्तम. शिडी फार उभी असेल तर तिथल्या माणसाला सांगा, काही बंदरांत गाड्यांच्या दारातून लिफ्टनं सोडतात. बाहेरच्या डेकची दारं जड असतात आणि वाऱ्यानं एकदम मिटतात, चौकटीवर बोटं ठेवायची नाहीत. आधी तुम्ही दार धरा, मग आईंना काढा.

व्हीलचेअर विमान कंपनीला तिकीट काढतानाच सांगा, किमान ४८ तास आधी तरी. डब्ल्यू.सी.एच.आर. म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात, डब्ल्यू.सी.एच.एस. म्हणजे पायऱ्याही नाहीत. काकूंसाठी दुसरा प्रकार लिहा, कारण किर्केनेससारख्या लहान विमानतळावर विमानाला शिडीनं चढायची वेळ येऊ शकते. प्रत्येक टप्प्याच्या तिकिटावर तो वेगळा नोंदवलेला आहे का ते तपासा. मुंबई ते ऑस्लो एका कंपनीचं आणि पुढचं दुसरीचं असलं की तो निरोप बहुधा मधेच गळतो. बोट किर्केनेसला सकाळी नऊच्या सुमारास लागते, तेव्हा ऑस्लोचं विमान दुपारचं घ्या.